श्रीमंतांचं स्टील?

लग्नसराई तोंडावर आली की एका वर्गाचे विद्वान हमखास बोलू लागतात. प्लॅटिनम म्हणजे श्रीमंतांचं स्टील, हा त्यांचा सिद्धांत. दिसायला चांदीसारखं, घडणावळ सोन्याहून जास्त, मोडायला नेलं की सराफाचा चेहरा पडलेला, परंपरेत कुठे नाव नाही आणि भाव सोन्याच्या मागे. पांढराच दागिना हवा असेल तर व्हाइट गोल्ड घ्यावं, म्हणजे हौसही फिटते आणि सोनंही घरात राहतं, असा सल्ला ते वर फुकट देतात. सल्ल्याची किंमत त्यांनी बरोबर लावली आहे.

या सल्ल्यापासूनच सुरुवात करायला हवी, कारण बाकी सगळी तक्रार त्याच्या जोरावर उभी आहे.

सोनं पांढरं नसतं. १८ कॅरेटच्या व्हाइट गोल्डमध्ये ७५ टक्के सोनं असतं. उरलेल्या पावभागात पॅलेडियम किंवा निकेल, जोडीला चांदी, तांबं, जस्त. एवढा खटाटोप करूनही रंग बहुधा फिक्कट पिवळा किंवा करडा येतो, म्हणून वर ऱ्होडियमचा मुलामा चढवतात. पेढीवरच्या दिव्याखाली डोळे दिपवतो तो या मुलाम्याचा शुभ्रपणा. रोज बोटात राहणाऱ्या अंगठीवरून तो झिजतो, आतला पिवळेपणा डोकावतो आणि अंगठी पुन्हा मुलाम्याला टाकावी लागते. गंमत पुढेच आहे. ऱ्होडियम आणि पॅलेडियम हे दोघेही प्लॅटिनमच्या सहा धातूंच्या कुळातले आणि बहुतेक वेळा एकाच खाणीतून निघणारे. म्हणजे विद्वानांच्या लाडक्या सोन्याला गोरं करायला प्लॅटिनमचेच भाऊबंद बोलवावे लागतात. वैर आहे ते फक्त थोरल्याशी!

निकेलचं मिश्रण असेल तर आणखी एक कटकट. कित्येकांच्या कातडीला निकेल सोसत नाही, खाज सुटते, पुरळ उठतं. अंगाला लागणाऱ्या वस्तूंतल्या निकेलवर युरोपीय संघाने १९९४ मध्येच निर्बंध आणले ते याचसाठी. शिवाय व्हाइट गोल्डला जोर कधी आला? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने प्लॅटिनम लष्करी कामासाठी राखून ठेवलं आणि दागिन्यांतला त्याचा वापर बंद केला, तेव्हा. त्या टंचाईतली सोय आज शहाणपणाची खरेदी म्हणून सांगितली जाते.

आता भाव. मार्च २००८ मध्ये प्लॅटिनम औंसाला २२०० डॉलरच्या वर गेलं होतं आणि सोनं हजाराच्या आसपास होतं. तेव्हा हेच लोक प्लॅटिनमला धातूंचा राजा म्हणत होते. २०१५ पासून सोनं वर आहे, तर राजा पदच्युत. प्लॅटिनमचा मोठा वाटा गाड्यांच्या धुरातले विषारी वायू निवळणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातो आणि खाणींतलं सुमारे सत्तर टक्के उत्पादन एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येतं. डिझेल गाड्यांचा खप घसरला की भाव हलतो. बोटातली अंगठी मात्र त्याने काळवंडत नाही.

घडणावळ जास्त आहे, कारण सोनं १०६४ अंशांवर वितळतं आणि प्लॅटिनम १७६८ अंशांवर. आच वेगळी, हत्यारं वेगळी, हात वेगळा. परंपरेचं म्हणाल, तर आजच्या इक्वेडोर-कोलंबियाच्या किनाऱ्यावर ला टोलिटा इथले कारागीर स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी आधी प्लॅटिनमचे कण सोन्यासोबत तापवून, ठोकून दागिने घडवत होते. आणि ज्या कोहिनूरवरून आपण आजही हळहळतो, तो १९३७ पासून प्लॅटिनमच्याच मुकुटात बसला आहे.

मोडीचा मुद्दा खरा आहे. सोन्यावर मिळतं तसं तासाभरात कर्ज प्लॅटिनमवर मिळत नाही आणि ते मोडीत घ्यायला प्रत्येक पेढी राजी नसते. पण मोड हाच दागिन्याचा कस असेल, तर हिऱ्यांच्या बाबतीत हे विद्वान गप्प का बसतात? हिऱ्याची कुडी विकायला नेऊन पाहावी, मग कळेल. हॉलमार्कच्या वेळीही हाच वर्ग असाच हिरिरीने बोलत होता. तीन पिढ्यांच्या सराफाच्या शब्दापुढे शिक्का कशाला, असं तेव्हा त्यांचं म्हणणं होतं. २०२१ पासून टप्प्याटप्प्याने शिक्का सक्तीचा झाला आणि आता तेच लोक भिंग लावून तो तपासतात. अंगावर घालायची वस्तू आणि अडीनडीला मोडायची ठेव यांची गल्लत त्यांनी तेव्हाही केली होती, आजही करतात. ठेवच हवी असेल तर सोन्याचं वेढणं घ्यावं. त्याला कोणाची हरकत आहे?

प्लॅटिनमची बाजू थोडक्यात अशी. ९५० शिक्क्याच्या दागिन्यात ९५ टक्के प्लॅटिनम असतं आणि त्याचा पांढरा रंग अंगचा असतो. त्यावर चरे पडतात, पण चऱ्यात धातू बाजूला सरकतो, सोन्याइतका झडून जात नाही. म्हणून खडा धरणारी नखं जास्त टिकतात. घड्याळाची केस सोन्याहून जड भरते. पाटेक फिलिप आपल्या प्लॅटिनमच्या घड्याळात सहाच्या आकड्याखाली केसमध्ये बारीक हिरा बसवते, रोलेक्स बर्फासारखी निळी तबकडी देते. दुरून स्टील वाटतं, हे कबूल. रस्त्यावर मिरवायचं नसलेल्या माणसाला ते सोयीचंच आहे.

तेव्हा पांढरी अंगठी घ्यायला निघालेल्यांनी पेढीवर तीन प्रश्न विचारावेत: मुलामा आहे का, तो पुन्हा चढवायला किती पडतील आणि हीच पेढी मोड कोणत्या हिशेबाने घेईल. तिन्ही उत्तरं बिलावर लिहून घ्यावीत, व्हाइट गोल्डचीही आणि प्लॅटिनमचीही.