कृषिदूत कोणाच्या बांधावर जातात?

खरीप सुरू झाला की जिल्हा पुरवण्यांमध्ये एक ठरलेला फोटो येऊ लागतो. टोप्या घातलेले कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी, मध्ये बियाण्याचे घमेले, शेजारी सरपंच आणि गावातले दोन-तीन 'प्रगतशील शेतकरी'. खाली ओळ: कृषिदूतांनी शेतकऱ्यांना दाखवले बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक. मुली असतील तर कृषिकन्या. बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षातला हा ग्रामीण कार्यानुभव देशभरच्या कृषी विद्यापीठांत आहे. २०१५ पासून तो 'स्टुडंट रेडी' या नावाखाली चालतो. वर्गात बसून शेती शिकण्यापेक्षा हे बरे, यात वाद नाही. फोटोतल्या मुलांवरही माझा राग नाही. त्यातली कित्येक तुमच्या-माझ्यासारखी घरातली पहिली पदवीधर असतात. प्रश्न एवढाच आहे की त्या फोटोत 'शेतकरी' म्हणून कोण उभे राहते.

२०११ च्या जनगणनेत देशात शेतमजूर सुमारे १४.४ कोटी होते आणि शेतकरी ११.९ कोटी. म्हणजे शेतात राबणाऱ्यांत मजूरच जास्त. त्याच जनगणनेत अनुसूचित जातींची लोकसंख्या १६.६ टक्के आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेत मात्र कसल्या जाणाऱ्या जमिनीतला त्यांचा वाटा ९ टक्क्यांच्या आसपास अडकलेला दिसतो. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने शेतकऱ्याच्या व्याख्येत शेतमजूर, बटाईदार, पशुपालक सगळे घेतले होते. ती व्याख्या कागदावरच राहिली. २०१९ मध्ये पीएम किसान आली ती जमीनधारकांसाठी. प्रशिक्षणाची यादीही गावात सातबाऱ्यापासूनच सुरू होते, आणि सातबारा कोणत्या आळीत आहे हे गावात कोणाला विचारावे लागत नाही.

माझ्या संशोधनासाठी मी मराठवाड्यातल्या एका गावात राहिले. तिथे सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम चोळण्याचे प्रात्यक्षिक एका मोठ्या बागायतदाराच्या शेतात झाले. त्याच शेतात टोकण करायला आलेल्या बौद्ध आणि मातंग वस्तीतल्या बाया बांधावर थांबल्या होत्या, कार्यक्रम कधी आटोपतो याची वाट बघत. बियाणे हाताळणार त्या. किती खोल टोकायचे, दोन दाण्यांत अंतर किती ठेवायचे, ओल किती असली तर बी कुजते, हे त्यांना ठाऊक. त्यांना कोणी काही शिकवले नाही आणि त्यांच्याकडून कोणी काही शिकलेही नाही. विद्यार्थ्यांच्या वहीत नोंद झाली: उपस्थित शेतकरी, आणि मालकांची नावे.

हा निव्वळ मानापमानाचा मामला नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक जण मेले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्यात दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारे भूमिहीन मजूरही होते. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा असा विषाच्या तीव्रतेचा रंग असतो. पण डबा मालकाच्या घरी. मजुराच्या पाठीवर येतो तो पंप, ड्रममध्ये आधीच कालवलेल्या औषधाने भरलेला. फवारणीचे प्रशिक्षण मालकाला आणि फवारणी मजुराला, अशी ही विभागणी आहे. बाबासाहेबांनी जातीला श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी म्हटले होते. इथे ज्ञान एका घरी जाते आणि विष दुसऱ्या घरी.

हाताने काम करत शिका, असा उपदेश आपल्या लोकांना नवा नाही, आणि त्याबद्दल संशय धरायला कारण आहे. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी अर्धा दिवस शाळा आणि उरलेला वेळ आईबापांचा धंदा, अशी योजना आणली. पेरियारांच्या चळवळीने तिला कुलकल्वी, म्हणजे कुळाच्या धंद्याचे शिक्षण, म्हणून झोडपले. १९५४ मध्ये राजाजी गेले आणि कामराजांनी योजना गुंडाळली. आजही शहरातल्या शाळेची सहल भातलावणीला गेली की तो 'अनुभव' असतो, आणि मजुराचे पोर लावणीला गेले की हजेरीपटावर गैरहजेरी.

जोतिरावांची मागणी याहून वेगळी होती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेत वाचन, लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल यांच्या सोबत शेतीचे ज्ञान मागितले, आणि प्रत्यक्ष शिकवण्यासाठी छोटे नमुना शेत असावे असे सुचवले. अक्षराऐवजी नांगर असे ते म्हणत नव्हते. दोन्ही एकाच मुलाला द्या, असे म्हणत होते. दीडशे वर्षे होत आली. नमुना शेते भरपूर झाली. १९७४ मध्ये पुदुच्चेरीला पहिले कृषी विज्ञान केंद्र निघाले, आज देशात सातशेहून जास्त आहेत. करत करत शिकणे हे त्यांचे ब्रीद. त्या शेतांवर खुरपणी कोण करते, ते एकदा आत जाऊन पाहा.

वेगळे करता येते. तेलंगणात जहीराबादच्या परिसरात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघांतल्या दलित बाया कित्येक वर्षे ज्वारी-बाजरी, राळ्याचे वाण राखतात आणि त्याबद्दल शिकायला बाहेरचे लोक त्यांच्याकडे येतात. ही संस्था कृषी विज्ञान केंद्रही चालवते. संस्थांबद्दल आपले आक्षेप असू द्या, पण तिथे शिकवणारी कोण आहे ते बघा.

मजुराने प्रशिक्षणाला बसायचे तर त्याचा रोज बुडतो. म्हणून त्या दिवसाची मजुरी कृषी विभागाने द्यावी, चहा-बिस्किटावर भागवू नये. फवारणीचे प्रशिक्षण पंप उचलणाऱ्याला, त्याच्या वस्तीत, संध्याकाळी द्यावे, आणि हातमोजे-मास्क त्याच्याच नावावर असावेत. कार्यानुभवातले निम्मे आठवडे विद्यार्थ्याने भूमिहीन कुटुंबासोबत कामाला जावे. त्या कुटुंबाला शिकवण्याचे मानधन मिळावे आणि अहवालावर त्यांची सही असावी. कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या भावंडांनी तर परिषदेच्या आदेशाची वाट बघायची गरज नाही. यंदा गावाची यादी भरताना त्यात वस्तीतली नावे घाला, आणि मार्गदर्शक प्राध्यापकांनी सातबारा मागितला तर तो कोणत्या नियमाने मागता, ते लेखी विचारा.