घरचाच माणूस

पुण्यातल्या कंपनीची नोकरी सोडून माझ्या गावी, निंबर्ग्याला परत आलो, त्याला तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत ‘फार धाडस केलंस बाबा’ असं ज्यांनी ज्यांनी म्हटलं, त्यांतल्या एकानंही माझ्या गाण्याची बिदागी दिलेली नाही.

पगार होता तेव्हा सुट्टीला आलो की गावकरी पारावर जागा करून द्यायचे. आता पेटी घेऊन निघालो की विचारतात, ‘मग, काम काय करतोस?’ पहाटेचा चार तास रियाज, संध्याकाळी पोरांची शिकवणी, सप्ताहात रात्र-रात्र साथ, हे यांच्या लेखी काम नाही. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात डीजेवाल्याला आगाऊ पैसे मोजले गेले. दोन तास गायल्यावर माझ्या हातात शाल-नारळ ठेवून यजमान म्हणाले, ‘तू तर घरचाच.’ हेच यजमान तुरीच्या भावासाठी आडत्याशी तासभर हुज्जत घालतात. तिथं कुणी घरचा नसतो.

‘देवाच्या नावाचे पैसे घेतोस?’ असंही ऐकवतात. एकादशीच्या भजनाला मी कधी पैसा मागितला नाही, मागणारही नाही. पण लग्न आणि पुढाऱ्याचा सत्कार ही भक्ती नव्हे.

मग कुणीतरी गायक वसंतराव देशपांड्यांचं नाव काढतं. त्यांनी नाही का सोडली नोकरी? सोडली. पण केव्हा? लष्कराच्या हिशेब खात्यात 24 वर्षं खर्डेघाशी केल्यावर! ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक रंगभूमीवर आलं 1967 च्या डिसेंबरात. त्यातले खाँसाहेब उभे करताना वसंतराव 47 वर्षांचे होते. 1983 मध्ये ते गेले. कट्यारनंतर पुरती 16 वर्षंही मिळाली नाहीत. तसला गळा ऐन उमेदीत आकडेमोडीला जुंपला गेला, कारण निव्वळ गाण्यावर त्यांचं घर चालेल अशी सोय आपण केली नव्हती. ज्याची लाज वाटायला हवी, ते आपण कौतुकानं सांगत फिरतो.

आणि हे कुठल्या मुलखात? इथून हुमनाबाद काही परदेश नाही. तिथं माणिकनगरला माणिकप्रभूंनी (1817–1865) मराठीत, कानडीत पदं रचली, दरबारात गवयांना मानानं बसवलं. दत्तजयंतीला गवई आजही तिथं हजेरी लावतात. इकडं कडकोळच्या मडिवाळप्पांची तत्त्वपदं लोकांच्या तोंडी आहेत. दोन भाषांतलं गाणं ज्यांच्या अंगणात वाढलं, त्यांना गवयाचं पोट दिसत नाही, याचा मला संताप येतो.

माझ्याकडं बारा वर्षांचा एक पोरगा पखवाज शिकायला यायचा. भजनी ठेक्यावर त्याचा हात असा बसायचा की मीच गाताना सावरून बसायचो. मागच्या आठवड्यात बापानं त्याचं येणं बंद केलं. कारण विचारायला घरी गेलो. बाप खाली बघत म्हणाला, ‘तुमच्याकडं बघूनच भीती वाटते, मास्तर.’

मी चहा न घेता उठलो.