ताप आलाय? मग आडवी हो ना!

पावसाळ्यात राहुरीच्या बाजारात दोघी भेटल्या की तापाचा विषय निघतोच. “अंग नुसतं ठेचून निघालंय गं,” म्हणता म्हणता हातात भाजीची पिशवी, आणि डोक्यात संध्याकाळच्या धारा! मुळा धरणाच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या आपल्या भागात बाई आजारी पडते, पण निजत नाही. का? तर ‘साधा व्हायरल तर आहे!’

या साध्या व्हायरलमध्ये आत काय चालतं, ठाऊक आहे? विषाणू शिरलेली पेशी शेजारणींना सांगावा धाडते, ‘कड्या लावून घ्या!’ हा सांगावा म्हणजे इंटरफेरॉन नावाचं प्रथिन. १९५७ मध्ये लंडनला आयझॅक्स आणि लिंडनमन या दोघांनी त्याला हे नाव दिलं. सांगावा मिळालेल्या पेशी विषाणूची वाढ रोखतात. नेमक्या त्याच विषाणूवरची प्रतिपिंडं तयार व्हायला काही दिवस लागतात. तोवर खिंड लढवण्यात इंटरफेरॉन पुढे असतं.

कणकण, अंगदुखी, गळून जाणं यातही त्याचा वाटा असतो. कावीळ-सी च्या रुग्णांना पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत, तेव्हा त्यांना फ्लूसारखाच त्रास व्हायचा. म्हणजे तापात गळून जाणं हा आळस नव्हे, हे सासूबाईंनाही सांगा आणि स्वतःलाही!

मग बाटलीतलं इंटरफेरॉन टोचलं की झालं? एप्रिल २०२१ मध्ये मध्यम स्वरूपाच्या कोरोनासाठी अशा एका इंजेक्शनला आपल्याकडे आपत्कालीन मंजुरी मिळाली होती. पण जागतिक आरोग्य संघटनेने इंटरफेरॉनच्या दुसऱ्या एका प्रकाराची मोठी चाचणी घेतली, तेव्हा इस्पितळात दाखल झालेल्यांना फारसा फायदा दिसला नाही. ‘इम्युनिटी’च्या महागड्या बाटल्यांकडून मग काय अपेक्षा ठेवायची? आणि विषाणूवर अँटिबायोटिक तर चालतच नाही.

डेंग्यूचा विषाणू तर हा सांगावा पेशीला वाचूच देत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप घासून कोरडं करायचं आणि झाकून ठेवायचं. ताप आला तर पाणी, पेज आणि विश्रांती. मनानेच वेदनाशामक गोळ्या नकोत. पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात किंवा कुठून रक्त आलं, तर लगेच दवाखाना गाठायचा.

आणि धारा? दोन दिवस घरातल्या दुसऱ्या कुणी काढल्या, तर म्हैस काही तक्रार करणार नाही!