मासाही आपलाच रुग्ण

गोल्डफिशचे खवले उभे राहतात, पोट फुगते, तो टँकच्या कोपऱ्यात तळाशी जाऊन बसतो, तेव्हा त्याचा मालक सहसा आपल्या दवाखान्यात येत नाही. मासा जिथून घेतला त्या दुकानात तो जातो. मुंबईचा बाजार असो की तालुक्याचे गाव, तिथे त्याला एखादी टेट्रासायक्लीनची किंवा डॉक्सीसायक्लीनची कॅप्सूल मिळते आणि सोबत सल्ला मिळतो: फोडून पाण्यात टाका, लाइट बंद ठेवा, उद्या फरक पडला नाही तर अजून एक. टँकमध्ये पाणी किती लिटर आहे, हे कोणी विचारत नाही. मासा कशाने आजारी आहे, हा प्रश्न तर निघतच नाही. ही औषधे शेड्यूल एचमधली आहेत, नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत, आणि त्या नोंदणीकृत डॉक्टरांत कायद्याने पशुवैद्यही येतात. पण फिशटँकचा मालक दारात आलाच, तर आपल्यापैकी बरेच जण 'आम्ही मासे बघत नाही' असे सांगून त्याला परत पाठवतात. मग तो दुकानात जाणार नाही तर काय करणार?

या संपादकीयाचे म्हणणे एवढेच आहे, की हा रुग्ण आपण नाकारू नये. तो नाकारला की प्रतिजैविक कोणते, किती आणि किती दिवस द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार आपण आपणहून गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या हाती देतो.

त्याचे परिणाम काही आजच कळलेले नाहीत. शोभिवंत माशांच्या पाण्यातले जंतू अनेक औषधांना दाद देत नाहीत, हे कॅनडातल्या संशोधकांनी १९७६ सालीच छापले होते. त्याच वर्षी अमेरिकेतून एरोमोनास हायड्रोफिलातल्या आर-फॅक्टरबद्दल, म्हणजे प्रतिरोध एका जंतूकडून दुसऱ्याकडे नेणाऱ्या प्लाझ्मिडबद्दल, अहवाल आला. २००९ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी शोभिवंत मासे आणि त्यांच्या पिशवीतले पाणी यांतून मिळवलेले एरोमोनासचे १२७ नमुने ३४ औषधांसमोर ठेवले. अनेक औषधांना एकाच वेळी पुरून उरणारे जंतू त्यात भरपूर निघाले, आणि क्विनोलोन गटाविरुद्धची प्लाझ्मिडवरची जनुकेही सापडली. पिशवीतले पाणी इथे महत्त्वाचे आहे. तलावापासून घाऊक व्यापाऱ्यापर्यंत, तिथून दुकानापर्यंत आणि दुकानातून घरापर्यंत मासा दाटीवाटीत, ताणाखाली प्रवास करतो. वाटेत मरतूक होऊ नये म्हणून पाण्यात थोडेसे औषध सोडण्याची सवय या व्यापारात जुनी आहे. ते थोडेसे औषध आजार बरा करायला पुरत नाही, पण प्रतिरोधी जंतू निवडून काढायला पुरते.

खाण्याच्या कोळंबीत क्लोरॅम्फेनिकॉल किंवा नायट्रोफ्युरानचा अंश सापडला तर निर्यातीचा माल परत येतो, म्हणून त्या धंद्यावर निदान डोळा तरी आहे. शोभिवंत मासा कोणी खात नाही. त्यामुळे त्याला ना विथड्रॉवल पीरियड, ना अवशेषांची तपासणी.

माणसापर्यंत हे पोचत नाही असे समजू नका. ऑस्ट्रेलियात २००० नंतरच्या दशकात साल्मोनेला पॅराटायफी बी व्हेरिएंट जावा या जंतूचे रुग्ण सापडत गेले, त्यांत लहान मुले बरीच होती, आणि माग घरातल्या फिशटँकपर्यंत लागला. तो जंतू अॅम्पिसिलीन, क्लोरॅम्फेनिकॉल, स्ट्रेप्टोमायसिन, सल्फा आणि टेट्रासायक्लीन या पाचही औषधांना दाद देत नव्हता. मायकोबॅक्टेरियम मॅरिनमची गोष्ट आपल्या देशात अधिक काळजीची आहे. टँक साफ करणाऱ्याच्या बोटावर महिनाभराने गाठ उठते, मग मनगटाकडे रांगेने आणखी गाठी येतात. बायोप्सीत ग्रॅन्युलोमा दिसला की आपल्याकडे पहिला विचार क्षयाचा येतो. पण पायराझिनामाइडला हा जंतू मुळातच जुमानत नाही, आयसोनियाझिडलाही सहसा नाही. 'घरी मासे आहेत का?' हा प्रश्न त्वचारोगतज्ज्ञाच्या आधी आपण विचारू शकतो, कारण मासा आपल्यासमोर असतो.

एवढे सगळे पत्करून पाण्यात टाकलेले औषध निदान माशाला तरी उपयोगी पडते का? पुष्कळदा नाही. टेट्रासायक्लीन गट कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला बांधला जातो. बोअरच्या जड पाण्याच्या टँकमध्ये ती कॅप्सूल म्हणजे पाणी पिवळे करण्याचा खर्च. अॅमॉक्सिसिलीन टाकणारेही आहेत, आणि एरोमोनासच्या बहुतेक जाती त्या गटाला जन्मतःच दाद देत नाहीत. शिवाय फिल्टरच्या स्पंजमध्ये अमोनियाचे नायट्रेट करणारे उपयोगी जंतू राहतात. पाण्यातले औषध त्यांच्याही मुळावर येऊ शकते. मग अमोनिया चढतो, मासा वर येऊन तोंड मारू लागतो, आणि मालकाला वाटते की आजार बळावला. तो आणखी एक कॅप्सूल फोडतो.

म्हणून माशाचा रुग्ण आला की औषधाच्या कपाटाकडे जाण्याआधी पाण्याकडे जा. मालकाला दोन पिशव्या आणायला सांगा, एकीत मासा आणि दुसरीत टँकचे पाणी. अमोनिया, नायट्राइट, पीएच आणि जडपणा यांच्या चाचण्या टेबलावरच होतात. टँक कधी लावला, पाणी किती आणि कधी बदलतात, नवा मासा कधी आणला, तो वेगळा ठेवला होता का, हे विचारा. अर्ध्या केसेस इथेच उलगडतात, असा माशांचा दवाखाना चालवणाऱ्यांचा अनुभव आहे.

मग लवंग तेलाच्या हलक्या मात्रेत मासा शांत करून कव्हरस्लिपच्या कडेने अंगावरचा थोडा चिकट थर काढा, कल्ल्याच्या टोकाचा बारीक तुकडा घ्या आणि टँकच्याच पाण्याच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. नालाकृती केंद्रक असलेला, सावकाश गरगरणारा मोठा गोल जीव दिसला तर तो व्हाइट स्पॉट; त्याला कुठलेही प्रतिजैविक लागू पडणार नाही. कल्ल्यांवर फ्लूक दिसले तर उपचार जंतांचा. आणि तोंडाभोवतीचा पांढरा कापूस बुरशी समजून कोणी निळे औषध टाकत असेल, तर तोच नमुना जरा थांबून पाहा. लांब, बारीक, वाकत सरकणारे जंतू एकमेकांना चिकटून गवताच्या गंजीसारखे ढीग करू लागले, की तो फ्लॅव्होबॅक्टेरियम कॉलम्नेअर. या सगळ्याला दहा-पंधरा मिनिटे लागतात, आणि लागणारे सामान प्रत्येक दवाखान्यात आधीपासून आहे.

जंतुसंसर्गाची खात्री पटली तर नुकत्याच मेलेल्या किंवा वाचण्यापलीकडे गेलेल्या माशाच्या मूत्रपिंडातून स्वॅब घ्या. त्वचेवरून घेतलेल्या स्वॅबमध्ये टँकमधले सगळेच उगवते. लॅबला चिठ्ठीवर ठळक लिहून द्या की नमुना माशाचा आहे. माणसांच्या नमुन्यांसारखा ३५ अंशांवर ठेवून भागत नाही, जलचरांच्या जंतूंची सेन्सिटिव्हिटी २२ किंवा २८ अंशांवर वाचतात, आणि कॉलम्नेअर तर नेहमीच्या माध्यमावर नीट उगवतही नाही. अहवाल येईपर्यंत उरलेले आजारी मासे खात असतील तर औषध खाद्यातून द्या, वेगळ्या टँकमध्ये, वजन करून, ठरलेले सगळे दिवस. खाणे सुटल्यावर खाद्यातून औषध देता येत नाही, म्हणून मालकांना लवकर यायला शिकवावे लागेल.

अमेरिकेत जून २०२३ पासून माणसांसाठी महत्त्वाची असलेली, तोवर काउंटरवर मिळणारी जनावरांची प्रतिजैविके पशुवैद्याच्या चिठ्ठीखाली आली. आपल्याकडे चिठ्ठीचा नियम आधीपासून आहे, चिठ्ठी लिहिणाराच जागेवर नाही.

उपचार संपल्यावरचे पाणी विहिरीत, तळ्यात किंवा नाल्यात ओतू देऊ नका. आधी दोन दिवस ते अॅक्टिव्हेटेड कार्बनमधून फिरवायला सांगा.

आणि माशांच्या कल्चरचे अहवाल हाती आले की त्यांची एक प्रत या मासिकाकडे पाठवा. माशाची जात, पाण्याचे तापमान, जंतू, कोणते औषध लागू पडले आणि कोणते नाही, एवढे पुरे. मालकाने तुमच्याकडे येण्यापूर्वी पाण्यात काय काय टाकले होते, ते मात्र विचारून नक्की लिहा.