कात्री कुणाच्या हातात?



नाशिक जिल्ह्यात द्राक्षवेलीला वर्षातून दोनदा कात्री लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरत आला की सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, जिला बागायतदार गोडी छाटणी म्हणतात. पहिल्या छाटणीनंतर वेल काडी तयार करते, दुसरीनंतर त्या काडीतून घड बाहेर पडतो. या दिवसांत दिंडोरी, निफाड, चांदवडकडे माणूस मिळत नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवरून टोळ्या उतरतात. नवराबायको, सोबत तान्ही मुलं, भांडी, अंथरुणं. एकराचा भाव उक्ता ठरतो आणि काम सुरू होते.

बागेतल्या बाईबद्दल आपण आजवर बोललो ते मजुरीच्या अंगाने. समान कामाला समान दाम ही आपली जुनी घोषणा. तिच्यात काही खोट नाही, पण द्राक्षाच्या बागेत ती नेमकी अडते. का अडते ते समजून घ्यायचे तर तिथली अवजारे पाहावी लागतात. कोणते अवजार कोणाच्या हाती जाते, ते कोणाच्या पंजाच्या मापाने घडवलेले असते, आणि ज्या हातात अवजारच नसते त्या हाताला काय लागते, हे सगळे.

आधी छाटणीचा हिशेब मांडू. दोन ओळींत नऊ फूट आणि दोन वेलींत पाच फूट अंतर धरले तर एकरात ९६८ वेली बसतात. एका वेलीवर पस्तीस काड्या राखल्या तर एकराला जवळजवळ ३४ हजार काप. दहा जणांनी एक एकर दिवसात उरकला असे समजा. माणशी ३,४०० वेळा पंजा मिटायचा आणि उघडायचा. आठ तासांच्या दिवसात मिनिटाला सात वेळा. हा काप डोळे झाकून मारता येत नाही. काडीवर किती डोळे राखायचे, सबकेन असेल तर गाठीच्या पुढे किती ठेवायचे, हे बघून कात्री लावायची. घड कोणत्या डोळ्यात दडला आहे हे कळावे म्हणून बागायतदार छाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत पाठवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतात. मग तो आकडा टोळीला सांगितला जातो.

हे कौशल्याचे काम आहे, यात वाद नाही. वाद पुढेच आहे. कात्री बहुधा पुरुषाच्या हातात असते आणि त्याच्या मागोमाग, त्याच ओळीत, पेस्ट लावत बाई चालते.

पेस्ट म्हणजे हायड्रोजन सायनामाइडचे पाण्यातले द्रावण. आपल्याकडे वेलीला हवी तेवढी थंडी पडत नाही. म्हणून छाटलेल्या काडीचे डोळे मागेपुढे फुटतात. ते एकसाथ फुटावेत यासाठी छाटणी झाल्यावर एकदोन दिवसांत हे औषध डोळ्यांना लावतात. लावलेला डोळा ओळखू यावा म्हणून त्यात रंग मिसळतात. बाईच्या एका हातात डबा, दुसऱ्या हातात फडके, स्पंज किंवा ब्रश. कोणत्या डोळ्याला लावायचे आणि कोणता सोडायचा हे ठरलेले असते. नको तो डोळा जागा केला तर नको तिथे फूट येते, हवा तो राहिला तर तिथला घड गेला. म्हणजे काडी जितकी कात्रीवाल्याला वाचता यावी लागते, तितकीच पेस्टवालीलाही. त्याच ३४ हजार काड्या तिच्याही बोटांखालून जातात. पण छाटणारा तो कारागीर, आणि ती हाताखालची बाई.

इथे आपली घोषणा अडते. १९७६ च्या समान वेतन कायद्यात ‘समान किंवा समान स्वरूपाचे काम’ असे शब्द होते, आणि तो कायदा ज्यात सामावला त्या २०१९ च्या वेतन संहितेतही ते आहेत. कौशल्य, कष्ट, अनुभव, जबाबदारी सारखी असेल तर दाम सारखे. पण मालक म्हणतो, तो छाटतो, ती पेस्ट लावते, कामे वेगळी आहेत. आणि आपणही ‘तेच काम’ सिद्ध करण्याच्या मागे लागतो. ‘समान स्वरूपाचे’ या दोन शब्दांवर आपण फारसे भांडलेलो नाही. बागेत त्यांच्यावरच भांडायला हवे.

उक्त्या कामात तर हा प्रश्नही कोणी विचारत नाही. पैसा टोळीच्या मुकादमाकडे किंवा नवऱ्याकडे येतो. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात, हे आपल्याला ठाऊक आहे. दोन माणसे, एक अवजार, आणि उचल त्याच्या नावावर. द्राक्षात असा शब्द रुळलेला नाही, पण रीत फार दूरची नाही.

बाईला कात्री झेपत नाही, असे सांगितले जाते. मग हे पाहा. फळछाटणीनंतर काही आठवड्यांनी घडांची विरळणी सुरू होते. दाटीत फुगणारे मणी एकमेकांना चेपू नयेत म्हणून घडातले जादा मणी बारीक टोकाच्या कात्रीने काढायचे. उरलेल्या मण्याला ओरखडा लागला तर तो डागी, आणि घड निर्यातीतून बाद. हे काम बायाच करतात, हजारो घडांवर, दिवसेंदिवस. तिथे मात्र कात्री झेपते! वर सांगतात की बायांची बोटे मुळात नाजूक. म्हणजे जोराचे काम असले की ती पुरुषाने मिळवलेली कला, आणि बारकाईचे असले की बाईची उपजत देणगी. देणगीचा वेगळा रोज द्यायची पद्धत नाही.

थोडे विषयांतर होईल, पण राहवत नाही. ज्या फुटीला घड नसतो तिला बागेत ‘वांझ फूट’ म्हणतात आणि ती खुडून टाकायचे काम बायांकडे असते. शेतीसल्ल्याच्या पत्रकांतही हाच शब्द छापलेला असतो. घड नसलेली फूट म्हटल्याने पत्रकाची किती जागा वाढणार आहे?

आता खुद्द कात्रीकडे येऊ. छाटणीची कात्री, सिकेटर, टोळीतली माणसे पुष्कळदा आपापली आणतात. घरात एकच चांगली कात्री असेल तर ती कोणाच्या खिशात जाते हे सांगायला नको. बाईच्या वाट्याला आली तर जुनी, स्प्रिंग ढिली झालेली, धार गेलेली. बोथट पात्याला जोर जास्त लागतो, आणि तो जोर मनगटाने द्यायचा असतो. मुठी ज्या अंतरावर उघडतात ते अंतर मोठ्या पंजाचे. लहान पंजाच्या बाईची बोटे ताणली जातात. यावर उपाय नाही असे नाही. स्वित्झर्लंडच्या फेल्को कंपनीच्या लाल मुठीच्या कात्र्या द्राक्षवाल्यांना माहीत आहेत. त्यांच्यात सहा नंबरची लहान पंजासाठी आणि नऊ नंबरची डावखुऱ्यांसाठी असते. त्या महाग आहेत हे खरे. पण पंजा लहान असू शकतो ही गोष्ट अवजार करणाऱ्याला सुचू शकते, आणि ती इथल्या कारखानदारालाही सुचायला हरकत नाही. आता बॅटरीवर चालणाऱ्या कात्र्या आल्या आहेत. त्यांनी मनगटाचा त्रास वाचेल. पण शेतात यंत्र आले की ते पुरुषाकडे जाते, हा अनुभव आपण पंपापासून ट्रॅक्टरपर्यंत घेतला आहे.

मांडवाची उंचीही अशीच. मांडव पद्धतीच्या बागेत तारा डोक्याच्या वर असतात. बुटक्या बाईला दिवसभर हात खांद्याच्या वर आणि मान मागे ठेवून विरळणी करावी लागते. तिला स्टूल किंवा क्रेट मिळाला तर मिळाला. जीएच्या द्रावणात घड बुडवायचे डिपिंगही तसेच, आणि ते द्रावण कोपरावरून काखेपर्यंत ओघळते. संध्याकाळी खांदे उचलत नाहीत, पण चूल तर पेटवायचीच असते. फ्रान्समध्ये शेतीतल्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत मनगटाची नस दबण्याचा आजार धरलेला आहे. आपल्याकडचा शेतमजूर कामगार विम्याच्या दवाखान्यातही बसत नाही.

आणि पेस्ट. हायड्रोजन सायनामाइडने कातडी भाजते, डोळ्यांना इजा होते. ते अंगात गेलेल्या माणसाने दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, चक्कर येते. युरोपीय संघाने २००८ मध्ये या औषधाला आपल्या मंजूर यादीत घ्यायचे नाकारले. कारणांत एक मोठे कारण ते वापरणाऱ्याच्या जिवाला असलेला धोका हे होते. नाशिकची द्राक्षे त्याच युरोपला जातात. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट, म्हणजे बागायतदारांच्या बोलीत लिहोसिन, याचा अंश सापडला म्हणून युरोपने आपली द्राक्षे अडवली होती, आणि जिल्हा हादरला होता. त्याच्याही आधी, २००६ पासून, निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद आणि अंश-तपासणी ग्रेपनेट या व्यवस्थेतून होते. किलोमागे मिलिग्रॅमचा अंश मोजायची सोय आपण केली, ती उत्तम. मण्यावर काय उरले याचा कागद आहे. पेस्ट लावून, ओढ्यावर हात खळबळून, भाकरी खाणाऱ्या आणि तान्ह्याला पाजणाऱ्या बाईच्या बोटांवर काय उरले याचा कागद नाही.

हातमोजे द्यावे लागतात. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत अशी औषधे हाताळणाऱ्यांसाठी संरक्षक कपडे आणि वैद्यकीय तपासणी यांची तरतूद आहे. प्रत्यक्षात बागेत येतात ते सुती मोजे, जे द्रावण शोषून उलट कातडीला धरून ठेवतात, किंवा मोठ्या मापाचे रबरी, ज्यांच्यातून बोटे निसटतात. बाई ते काढून ठेवते, आणि मग म्हणतात, दिले तरी घालत नाहीत. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले तेव्हा सरकारला जाग आली. तेव्हाचे सारे बोलणे पाठीवर पंप असलेल्या माणसाबद्दल होते. फवारलेल्या ओल्या वेलीत हात घालणारी त्या चर्चेत आली नाही.

बागायतदार सगळे गबर असतात असा आमचा समज नाही. एका गारपिटीत वर्ष जाते, कर्ज उरते, आणि कित्येक लहान बागांत मालकीण स्वतः मजूर बायांबरोबर पेस्टचा डबा धरते. तिचाही हात भाजतोच. म्हणून ही मागणी तिच्याविरुद्ध नाही, आणि तिला सोबत घेतल्याशिवाय ती पुढेही सरकणार नाही.

करायचे काय, तर काही गोष्टी आपल्या आवाक्यातल्या आहेत. छाटणीचे प्रशिक्षण बायांना, बायांच्या वेळेला आणि पाड्यांजवळ मिळावे. नाशिकचे कृषी विज्ञान केंद्र मुक्त विद्यापीठाचे आहे. दूर राहणाऱ्यांपर्यंत शिक्षण नेण्यासाठीच ते विद्यापीठ निघाले, तेव्हा त्यांच्याकडे अर्ज घेऊन जायला आपल्याला संकोच नको. बचत गटांनी कात्र्या एकत्र विकत घ्याव्यात, बाईच्या नावावर, धारेच्या दगडासकट. लहान मापाचे रबरी मोजे, हात धुवायला साबण आणि स्वच्छ पाणी या गोष्टी एकराचा भाव ठरतो त्याच वेळी ठरवून घ्याव्यात, कारण टोळी बागेत शिरल्यावर त्या कोणी देत नाही. आणि उक्त्या भावात बाईचा रोज किती, हे मुकादमाला वेगळे बोलायला लावावे.

येत्या एप्रिलच्या खरड छाटणीआधी दिंडोरी, निफाड, पेठ, सुरगाण्यातल्या गटांनी आम्हाला एवढे कळवावे: तुमच्या गावात एकराचा भाव काय, छाटणाऱ्याचा रोज काय, पेस्टवालीचा आणि विरळणीवालीचा काय, आणि किती बायांकडे स्वतःची कात्री आहे. अक्षर कसेही असो, पोस्टकार्डही चालेल. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या मुलीकडून लिहून घ्या. आलेली सगळी उत्तरे पुढच्या अंकात गाववार छापू.