तारपा म्हणजे ‘भारताचा डिजरीडू’ नव्हे

आदिवासी वाद्यांची ओळख करून देताना तारप्याला सर्रास ‘भारताचा डिजरीडू’ म्हटले जाते. इतिहासाची गोडी असलेल्या मित्रांनी तरी ही उपमा सोडून द्यावी. ती चुकीची आहेच, शिवाय तिच्यामुळे तारप्यावरचे खरे संकट दृष्टीआड होते.

डिजरीडू हे उत्तर ऑस्ट्रेलियातील मूलनिवासींचे वाद्य. वाळवीने आतून पोखरलेले निलगिरीचे खोड शोधायचे, ते साफ करायचे आणि तोंडाशी मेणाची कड बसवायची. त्यात पत्ती नसते. वादकाचे ओठच थरथरतात.

तारप्याचा पिंड निराळा. वाळवून कोरलेला दुधी भोपळा हा त्याचा हवेचा कोठा. त्यात बांबूच्या दोन नळ्या बसवतात. नळ्यांच्या आतल्या टोकांना बांबूच्याच पत्त्या असतात आणि अंगावर बोटांसाठी छिद्रे. पुढे ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांध्यांना मेण. म्हणजे सूर पत्तीतून निघतो आणि नाते जुळते ते गारुड्याच्या पुंगीशी. डिजरीडूशी खरे साम्य एकच : दोन्ही वादक गालांत हवा राखून नाकाने श्वास घेतात आणि सूर तुटू देत नाहीत. (हे वाचून लगेच करून पाहणाऱ्यांना घेरी येईल, एवढी सूचना देऊन ठेवतो.)

आता साहित्याची यादी पुन्हा वाचा. यातले काहीही दुकानातून आणावे लागत नाही. मात्र भोपळ्याच्या वेलाला छप्पर हवे, बांबूला रान हवे, ताडाला मोकळी जमीन हवी. मुंबईच्या उपनगरांत प्रश्न येऊन ठेपतो तो इथे.

आरे दुग्ध वसाहत १९४९ साली स्थापन झाली. तिथले वारली पाडे त्याहून जुने आहेत. २०१९ च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, हे सर्वांना आठवते. त्याच प्रकल्पापायी प्रजापूरपाड्यातील काही कुटुंबे अंधेरीच्या चकाला भागातील इमारतींत गेली, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. बहुमजली इमारतीतल्या बिऱ्हाडाने भोपळ्याचा वेल चढवावा तरी कशावर?

गंमत अशी, की तारप्याचे चित्र मात्र शहरभर आहे. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वारली चित्रांतला तारपानृत्याचा वेटोळा आज भिंतींवर, कुर्त्यांवर, कपांवर दिसतो. त्या वेटोळ्याच्या मध्यभागी वादक असतो आणि तो वळेल तसे नाचणारे वळतात. आपण वेटोळा घेतला आणि मधला माणूस वगळला, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर कोणी म्हणेल, डिजरीडू आता प्लास्टिकच्या नळीचेही होतात, मग भोपळा जव्हारहून आणा की! आणता येईल, आणावाही. पण बी पेरण्यापासून कर्णा वळण्यापर्यंतचे काम एकाच अंगणात पाहत मोठे होणारे मूल त्या भोपळ्याबरोबर पार्सलने येणार नाही.

म्हणून संग्रहालयांनी तारप्याखाली ‘भोपळा, बांबू, ताड’ एवढेच लिहून थांबू नये. तो कोणत्या पाड्यात, कोणी घडवला आणि तो पाडा आज कुठे आहे, हेही लिहावे. आरेत फिरायला जाणाऱ्यांनीही पुढच्या वेळी झाडांबरोबर घरांच्या छपरांकडे पाहावे. वेल दिसला, तर त्यावरचा कोणता भोपळा बियाण्याला राखला आहे आणि कोणता तारप्याला, हे घरातल्या आजोबांना विचारावे.