शस्त्रक्रियेपूर्वी पेसमेकरचे कार्ड दाखवा

घरातील ज्येष्ठांची हर्नियाची वा पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरली, की साखर आणि रक्तदाब यांची चर्चा होते. कातडीखाली वर्षानुवर्षे मुकाट्याने काम करणाऱ्या पेसमेकरचा उल्लेख मात्र राहून जातो. ज्याचा त्रास नाही, त्याची आठवण तरी कशी व्हावी!

अडचण येते ती कॉटरीमुळे. ऊती कापण्यासाठी व रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या या साधनाचा विद्युत्प्रवाह शरीरातून जातो. पेसमेकरला तो हृदयाचाच ठोका वाटू शकतो आणि हृदय आपले आपण चालले आहे अशा समजुतीने तो स्वस्थ राहतो. ज्यांचे हृदय सर्वस्वी त्याच्यावर विसंबून आहे, त्यांच्या नाडीत तेवढ्यात खंड पडतो. आयसीडी, म्हणजे प्राणघातक वेगाने धडधडणाऱ्या हृदयाला झटका देऊन सावरणारे उपकरण, याच प्रवाहाने फसून नको तेव्हा झटका देऊ शकते. शस्त्रक्रिया बेंबीच्या वर असेल तर धोका अधिक, खाली असेल तर बराच कमी.

भूलतज्ज्ञांना आधी कळले, तर यावर उपाय आहेत. उपकरणाची मांडणी संगणकाद्वारे तात्पुरती बदलता येते किंवा छातीवर चुंबक ठेवतात. चुंबकाने बहुतेक पेसमेकर ठरावीक गतीने ठोके देऊ लागतात. आयसीडीचे मात्र सामान्यतः केवळ झटके थांबतात. म्हणून ‘छातीत मशीन आहे’ एवढे सांगून भागत नाही. कंपनी, मॉडेल आणि बसवल्याची तारीख असलेले कार्ड सोबत न्यावे. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी पेसमेकरची तपासणी गेल्या 12 महिन्यांत, तर आयसीडीची 6 महिन्यांत झालेली असावी. मोतीबिंदूसाठी जातानाही कार्ड विसरू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांनी सर्वाधिक जपावे ते शस्त्रक्रियेनंतर. आयसीडीचे झटके संगणकाद्वारे बंद केले असतील, तर ते आपोआप सुरू होत नाहीत. कोणीतरी ते पुन्हा चालू करावे लागतात. तोवर रुग्ण मॉनिटरवरच असला पाहिजे आणि बाह्य झटका देणारे यंत्र हाताशी हवे. मोठ्या डॉक्टरांना कसे विचारावे, हा संकोच इथे परवडणारा नाही. रुग्णाला वॉर्डात हलवण्यापूर्वी ‘आयसीडी पुन्हा चालू केला का?’ असे स्पष्ट विचारा आणि तशी नोंद कागदावर पाहून घ्या.